षष्ठी

हॅलिफॅक्सला जानेवारीत चार वाजता अंधारतं.
तेव्हा मी त्याच्या मानेपाशी होते,
कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून
गिरण्यांचा शंभर वर्षांचा धूर उतरवत.
हो, थुंकीच. औषधापेक्षा ती संगमरवराला मानवते.
शाळेत निघताना आई पदराचं टोक ओलं करून
गालावरची शाई पुसायची, तसं.

दीड हात उंचीचा मुलगा. नाकाचा शेंडा नाही.
जोसाया थ्वेटने लोकरीच्या पैशातून इटलीहून आणला,
बागेत उभा केला,
तोंडात नळी खुपसून त्याचं कारंजं केलं.
ओठांच्या आत अजून गंज आहे.

आणि आता सगळं भांडण एका विभक्तीचं:
त्या थोराचा,
त्या थोराच्या कारखान्यातला,
त्या थोराच्या वळणाचा,
की त्या थोरानंतर कधीतरी कुणीतरी केलेला.
चौथीत आम्ही घोकायचो, चा ची चे.
षष्ठी संबंध दाखवते, बाई म्हणायच्या,
मालकी असेलच असं नाही.

एडिनबराहून लेटिस मंक्रीफ आल्या, म्हणाल्या,
पाठीवर दातेरी टाकीच्या रेघा बघा, डावीकडून येतात,
आणि तो डावखुरा होता हे जगजाहीर आहे.
बोलोन्याचे झांबेली म्हणाले, आणि हा कान?
असा कान त्याने झोपेतही कोरला नसता.
दुपारभर दोघं त्या कानाभोवती फिरत होते,
चहा निवून गेला.
हेस्टर अ‍ॅक्रॉइड, आमची क्युरेटर, छताकडे बघत होती.
नाव लागलं तर रांगा, देणग्या, नवं छप्पर.
नाही लागलं तर जिन्याखालची निळी बादली
आहेच.

रात्री फोनवर वडिलांना दाखवला.
जन्मभर पाटे-वरवंटे घडवले त्यांनी,
टेंभुर्णीच्या गल्ल्यांतून ओरडत हिंडले, टाकी लावायची का टाकी.
उजव्या डोळ्यात कपरी गेली, त्यावर पडदा आला.
चेहरा त्यांनी बघितलाच नाही.
"मागनं दाव. आजून खाली. बत्ती तिरकी धर."
मग बराच वेळ नुसता श्वास. मला वाटलं रेंज गेली.
"डावखुरा न्हाय गं त्यो.
दगड भिताडाला खेटून हुता. उजवा हात घुसंना,
मग मानूस काय करनार? हात बदलला आन् मारला.
बघ की, घाव वरवरचं हायेत.
सवयीचा हात नव्हं त्यो.
आन् खांद्यावर येगळाच मानूस हाय.
पोरगं आसंल येखादं. लई भ्यालंय."

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही,
हे फळ्यावर रोज लिहिलेलं असायचं.
घाव घालणाऱ्याला काय येतं, ते
फळ्यावर कधी वाचलं नाही.

अहवालात लिहिलं. पान अकरा, तळटीप तिसरी.
हे मत कुणाचं, हेस्टरने विचारलं, कोणती संस्था?
वडील, मी म्हटलं.
तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
तळटीप खोडली नाही, एवढंच.
पुढच्या आठवड्यात मंक्रीफबाईंचं पत्र आलं, सहा पानांचं,
त्यात भिताडाचा उल्लेख नव्हता.

पाटी अजून छापून आलेली नाही.
चौथऱ्यावर चार स्क्रू आहेत, मध्ये मोकळी जागा.
शाळेची सहल आली की मुलं विचारतात, हा कोण?
कुणाचा, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

मान झाली, पाठ झाली, ओठ झाले.
खांद्यावर जिथे ते पोरगं भ्यालं,
टाकी निसटली, थांबली, मग जपून पुढे गेली,
ती नखाएवढी जागा तेवढी राहिली आहे.
बोळा ओला करते आणि उद्यावर ढकलते.
बादली अर्धी भरली आहे.